अहीं दरियो क्यां छे?

गेल्या उन्हाळ्यात एका कचेरीत मी एक साधा प्रश्न घेऊन गेलो होतो. आमच्या कामरेजच्या सोसायटीमागे तापीच्या अंगाला एक कोतर आहे. पावसाळ्यात त्यातून शेतांचे पाणी नदीत उतरते, आणि नदी फुगली की तिचे पाणी त्यातूनच वर चढते. ते कोतर दोन वर्षांपासून भरले जात आहे. रात्री डंपर येतात, सकाळी जमीन हातभर वर आलेली असते. रस्त्याच्या तोंडाशी रंगीत फलक लागला आहे : नदीकाठचे प्लॉट, बगीचा, क्लबहाउस, एन. ए., टायटल क्लिअर. मला एवढेच विचारायचे होते, की २००६ सालच्या पुराचे पाणी जिथवर आले ती रेघ तुमच्या नकाशावर कोठे आहे, आणि पात्रापासून अमुक अंतर मोकळे ठेवा असा काही नियम इथे लागू आहे की नाही?

टेबलामागचा मुलगा सज्जन होता. त्याने पंखा माझ्याकडे वळवला, नकाशा पसरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "काका, ए तो दरियाकांठानो कायदो. अहीं दरियो क्यां छे?"

मुलाचे काही चुकले नव्हते. कामरेजहून समुद्र चाळीसेक किलोमीटर. कायद्याच्या पुस्तकात जे आहे तेच त्याने सांगितले. माझे भांडण त्या मुलाशी नाही, त्या पुस्तकाशी आहे.

कायद्याच्या लेखी किनारा म्हणजे मीठ. नदीत समुद्राचा शिरकाव कुठवर हे ठरवायचे, तर ऐन उन्हाळ्यात, पाणी सर्वांत कमी असताना, त्याची चव घ्यायची. हजार भागांत पाच भाग क्षार जिथवर सापडतील तिथवर किनाऱ्याचा नियम, त्यापुढे नाही. सुरतेत १९९५ साली सिंगणपोरला बंधारा-वजा-कॉजवे झाला, खारे पाणी त्याच्याखाली अडले. शहराला प्यायला गोडे पाणी मिळाले, ते मीही प्यालो, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच भिंतीपाशी किनाऱ्याचा नियमही अडला. आता आणखी खाली, रुंढ ते भाठा, नवा बॅरेज उभारला जात आहे. म्हणजे याच न्यायाने किनारा आणखी खाली सरकणार. समुद्र मात्र सरकत नाही. सरकलाच तर तो आपल्या बाजूला सरकतो आहे.

गंमत पाहा, याच कामरेजला एके काळी बंदर होते. जुन्या ताम्रपटांतले 'कार्मणेय' ते हेच, असे अभ्यासक मानतात. २००३ साली इथे उत्खनन झाले, त्यात इराणच्या आखाताशी चाललेल्या व्यापाराच्या खुणा सापडल्या. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी ज्या गावाला कोणी "तुमचा समुद्र कुठे?" असे विचारले नसते, त्या गावाला आज कागदावर समुद्र उरलेला नाही.

आता मी हा उपद्व्याप का करतो ते सांगतो. माझे मूळ गाव सारंगखेड्याजवळचे. बालपण तापीच्या वरच्या काठाला गेले, नोकरी खालच्या काठाला झाली. सुरतेच्या मराठी शाळेत तीस वर्षे मास्तरकी केली. उधना, लिंबायत, नवागाम, दिंडोली इथली मुले शिकवली. त्यांचे बाप लूमवर, साड्यांच्या मार्केटात हमालीवर, गिरण्यांच्या रंगखात्यात. १९९४ च्या सप्टेंबरात पूर ओसरला आणि प्लेगची हाकाटी झाली, तेव्हा हीच मंडळी ताप्ती लाइनच्या गाड्यांच्या टपावर बसून खानदेशात पळाली. पंधरा दिवसांनी परत आली. पोट तिकडे नव्हते, इकडे होते. आपल्या लोकांचा आणि या नदीचा संबंध असा दोन्ही टोकांनी आहे. मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर वाहणाऱ्या या नदीच्या खोऱ्याचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग महाराष्ट्रात. जळगाव, धुळे, नंदुरबारला पाऊस झाला की उकाई भरते, आणि उकाई भरली की सुरतेत आपली माणसे पोटमाळ्यावर चढतात.

२००६ साली मी अडाजणला तळमजल्यावर राहत होतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वरच्या खोऱ्यात धो-धो पाऊस चालला होता. सुरतकरांना पावसाळ्यात रोजच्या वर्तमानपत्रात उकाईची पातळी वाचायची सवय आहे. ३४५ फूट हा आकडा इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. सात तारखेच्या संध्याकाळी शहाद्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला, "दादा, उकाईनं पानी सोडं का?" सोडले होते. त्या दोन-तीन दिवसांत विसर्ग नऊ लाख क्युसेक्सच्या वर गेला. रात्री गटाराच्या झाकणातून पाणी उलटे येऊ लागले, पहाटे उंबरठा ओलांडला, सकाळी आम्ही वरच्या मजल्यावरच्या शहांच्या घरी होतो आणि आमचा फ्रिज आमच्याच दिवाणखान्यात तरंगत होता. शहांनी तीन दिवस आम्हा पाच जणांना सांभाळले. हेलिकॉप्टरमधून पुड्या पडायच्या, त्यातली अर्धी पाण्यात. नऊ तारखेला राखी पौर्णिमा होती. सौ.ने साडीच्या काठाचा दोरा काढून शहांना बांधला.

पौर्णिमा होती, हे मी भावनेने सांगत नाही. पुनवेला समुद्राला उधाण असते. खंबातच्या आखाताची भरती ही देशातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी. वरून नऊ लाख क्युसेक्स येत होते आणि खाली हजिऱ्याच्या मुखाशी समुद्र दार लोटून उभा होता. दोघांच्या मध्ये सुरत. त्या दिवशी कोणी मला विचारले असते की समुद्र कोठे आहे, तर मी माझ्या स्वयंपाकघराकडे बोट दाखवले असते.

पाणी उतरल्यावर घरात गेलो. दाराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला मी मुलांची उंची पेन्सिलीने टिपून ठेवत असे. त्या सगळ्या खुणांच्या वर, माझ्या डोक्याच्याही वर, चिखलाची एक सरळ रेघ होती. इतकी सरळ रेघ मी फळ्यावर कधी काढली नाही.

त्या वेळी सारे गाव धरणावर तुटून पडले. आधीच पाणी का सोडले नाही, पातळी इतकी वर का ठेवली? हे प्रश्न रास्त होते आणि आजही आहेत. पण ज्यांना सगळा दोष धरणाच्या दारांवर टाकून मोकळे व्हायचे आहे, त्यांनी होप पुलापाशी नोंदलेले आकडे शेजारी शेजारी मांडून पाहावेत. १९५९ साली, उकाई नव्हते तेव्हा, सुमारे १२ लाख ९४ हजार क्युसेक्स पाणी आले आणि पातळी ११.५५ मीटर झाली. १९६८ च्या महापुरात सुमारे साडेपंधरा लाख क्युसेक्स आणि १२.०८ मीटर. १९९८ साली पाणी अवघे सात लाख, पातळी ११.४० ! आणि २००६ साली सुमारे नऊ लाख नऊ हजार, पातळी १२.४०. म्हणजे १९६८ च्या मानाने चाळीस टक्के पाणी कमी आणि पातळी फूटभर जास्त. मी गणिताचा मास्तर नव्हतो, मराठीचा होतो. तरी एवढे मलाही कळते, की भांडे तेच असेल तर कमी पाण्याने जास्त भरत नाही. भांडे लहान झाले. कोणी केले? गाळाने केले, बंधाऱ्याने केले, पाळ्यांनी केले, आणि दोन्ही काठांवर भराव टाकून उभ्या केलेल्या घरांनी केले. त्या घरांपैकी एकात मी राहत होतो.

यात आता हवामानाची भर. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. तापीचे खोरे त्याच पट्ट्यात येते. समुद्राचे म्हणाल तर १९०१ ते २०१८ मध्ये जगभरची सरासरी पातळी सुमारे वीस सेंटिमीटरने, आपल्या भाषेत एक वीत, चढली, आणि अलीकडे चढण्याचा वेग वाढला आहे. वीतभराने काय होते? उंबरठाही वीतभरच असतो.

पाणी दोन्हीकडून वाढत असताना नियमांनी काय करावे? आपल्याकडे नियम मागे सरकले. १९८१ साली इंदिरा गांधींनी किनाऱ्यावरच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून पाचशे मीटर मोकळे ठेवा म्हणून सांगितले. १९ फेब्रुवारी १९९१ ला त्याची पहिली अधिसूचना निघाली. २०११ च्या अधिसूचनेत भरतीच्या नद्या-खाड्यांच्या काठाला शंभर मीटर किंवा पात्राची रुंदी, यांतले कमी असेल ते अंतर ठेवले होते. शिवाय 'धोक्याची रेषा' आखायची होती, जिच्यात वाढता समुद्र आणि किनाऱ्याची धूप धरायची. ही रेषा सर्वेक्षण खात्याने आखलीही. आणि १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने शंभराचे पन्नास केले, आणि त्या रेषेला आपत्ती व्यवस्थापनाच्या कामापुरती ठेवून जमिनीच्या वापराच्या नियमातून बाहेर बसवले. म्हणजे बोटी कोठे ठेवायच्या हे त्या रेषेवरून ठरवायचे, घरे कोठे बांधायची हे मात्र नाही. वैद्याने दुखणे ओळखायचे, वहीत लिहायचे आणि औषध द्यायचे नाही, त्यातलाच हा प्रकार.

बंधाऱ्याच्या वर तर तेवढेही नाही. केंद्राने १९७५ साली पूरक्षेत्रातल्या बांधकामांबद्दल नमुना विधेयक राज्यांकडे पाठवले. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड अशा मोजक्या राज्यांनी त्याचा कायदा केला. गुजरात त्यांत नाही. महाराष्ट्रीय वाचकांनी हसण्याचे कारण नाही, महाराष्ट्रही नाही. तिकडे निळी रेषा पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांच्या पुराची, अशी परिपत्रके आहेत. त्या रेषा कोल्हापूरकरांनी २०१९ आणि २०२१ साली घरात बसून पाहिल्या.

वाचकहो, कामरेजचे हे रडगाणे लिंबायतच्या माणसाने का ऐकावे, तर लिंबायतची खाडी कामरेजमध्येच सुरू होते म्हणून. सुरतेत ज्यांना खाड्या म्हणतात ते पूर्वेच्या शेतांतून, कामरेज-पलसाण्याकडून, येणारे ओहोळ. पुढे ते मिंढोळ्यातून समुद्राला मिळतात. इथे ऊस होता, त्याच्या सरींत पाणी थांबायचे, मुरायचे. आता तिथे भराव, सिमेंटचे रस्ते. तेच पाणी धावत मीठी खाडीला जाते आणि खाली भरती असली की तिथेच तुंबते. २०२५ च्या जूनमध्ये उकाईचा थेंब न सोडता सुरतेचे पूर्वेकडचे मोहल्ले पाण्यात होते. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी गेलो तर तो खाटेखाली विटा लावत होता. म्हणाला, "गुरुजी, आता धरणाकडे बघायचंच सोडलं. इथं नुसत्या पावसानं भरतं."

आता हरकती. पहिली : नियम कडक केले की पहिला बुलडोझर झोपड्यांवर जातो, फार्महाउसवर नाही. ही हरकत मला सर्वांत जास्त टोचते, कारण ती खरी आहे. खाडीकाठच्या माणसाला 'पूररेषेत आहेस' म्हणून उचलून पंधरा किलोमीटरवर टाकले की त्याची रोजी जाते. म्हणून मी म्हणतो, रेषेचा अंमल आधी नव्या एन. ए. परवानगीवर करा. जे बांधले नाही ते बांधू देऊ नका. ज्यांना हलवायचे त्यांना कामापासून चालत जाण्याच्या अंतरावर, वरच्या मजल्याचे घर हातात देऊन मग हलवा.

दुसरी हरकत शेतकऱ्याची : बापजाद्यांची जमीन, आज भाव आला तर तुम्ही रेघ मारता? त्यालाही उत्तर आहे, आणि ते गुजरातच्याच खिशात आहे. इथल्या १९७६ च्या नगररचना कायद्याखाली टी. पी. स्कीम होते. साऱ्यांच्या जमिनी एकत्र करून, रस्ते-बागांसाठी वाटा कापून, उरलेला भूखंड प्रत्येकाला परत देतात. या पद्धतीचा गुजरातला अभिमान आहे आणि तो सार्थ आहे. मग नदीकडची सखल पट्टीच त्या कापलेल्या वाट्यात धरा, आणि काठच्या शेतकऱ्याला त्याचा भूखंड वर, उंचावर द्या. बाग करायचीच आहे ना? ती कोतरात करा. बाग बुडाली तर कोणी पोटमाळ्यावर चढत नाही.

तिसरी हरकत : पाळी उंच करा की झाले. यावर मी डचांचे नाव घेतो, कारण सुरतेला ते परके नाहीत. त्यांची वखार इथे होती, त्यांची थडगी कतारगामला अजून आहेत. पाळ्या बांधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. १९९३ आणि १९९५ साली त्यांच्या नद्या अशा फुगल्या, की १९९५ मध्ये अडीच लाख माणसे हलवावी लागली. त्यानंतर त्यांनी काय केले? तीसहून अधिक ठिकाणी नदीला जागा परत दिली. नायमेखेन शहरासमोर तर पाळ साडेतीनशे मीटर मागे नेली. ज्यांनी समुद्र हटवून देश केला त्यांनी नदीपुढे मागे सरकावे, आणि आपण कोतर बुजवून वर 'रिव्हर व्ह्यू' असे लिहावे !

माझे मागणे लांबलचक नाही. उकाईपासून डुमसपर्यंत नदी एक धरा, मिठाची चव घेऊन तिचे तुकडे करू नका. १९६८ आणि २००६ चे पाणी जिथवर आले ती रेघ, वर वाढत्या पावसाची आणि समुद्राची भर धरून, विकास आराखड्यावर काढा, आणि दर दहा वर्षांनी पुन्हा मोजा. धोक्याच्या रेषेला बांधकामाच्या नियमात परत आणा. आणि ती रेघ सात-बाराच्या उताऱ्यावर चढवा. बोजा असला तर उताऱ्यावर चढतो. बँकेच्या कर्जापेक्षा नदीचा हक्क जुना आहे.

शेवटच्या मागणीला आपलीच माणसे नाके मुरडतील, हे मला माहीत आहे. २००९ साली मी अडाजणचे घर विकून कामरेजला घर घेतले तेव्हा मीही विचारले होते ते टायटल, दाराची दिशा, बाजार किती लांब आणि मराठी शेजार आहे का, एवढेच. जमिनीची पातळी विचारली नाही. चिखलाची रेघ डोळ्यांनी पाहिलेला माणूस मी ! घर घेतल्यावर तिसऱ्या पावसाळ्यात पलीकडच्या शेतातला म्हातारा सहज बोलला, की तुमची सोसायटी झाली तिथे पूर्वी आम्ही भात लावायचो. भात कोठे लावतात हे सारंगखेड्याच्या पोराला सांगायला नको होते.

म्हणजे मी मागतो ती रेघ आली, तर ती माझ्या अंगणातूनही जाऊ शकते. भाव पडेल. हे मुलगा मला रोज ऐकवतो. त्याला त्या भरावावरच्या नव्या योजनेत प्लॉट हवा आहे, टोकनचे पैसे जमवून तयार आहेत. "नाना, सगळे घेताहेत. नियम नाही म्हणजे धोका नाही, नाहीतर परवानगी दिली असती का?" आमच्यात यावरून जेवणाच्या ताटावर दोनदा बोलणे बंद झाले आहे. त्याला मी तरी काय म्हणू? परवानगी म्हणजे सुरक्षितता, असे मीच वर्गात शिकवत आलो.

आषाढ शुद्ध सप्तमीला तापीचा वाढदिवस. सुरतेचे लोक नदीला लांबच लांब चुनरी नेसवतात. यंदा मी कामरेजच्या घाटावर गेलो होतो. चुनरीचे एक टोक या काठाला धरले होते, होडी दुसरे टोक घेऊन पलीकडे कठोरच्या बाजूला निघाली होती. शेजारी उभ्या गृहस्थांनी हात जोडून "तापी माता की जय" केले आणि मला त्याच भरावावरच्या प्लॉटचे माहितीपत्रक दिले. छापाई सुरेख होती.

त्या आठवड्यात मी हरकतीचा अर्ज लिहिला, मराठीत विचार करून गुजरातीत. सोसायटीत घरे बेचाळीस. सह्या मागत दारोदार फिरलो. चहा सगळ्यांनी दिला. एकाने समजावले की मास्तर, आपल्याच पायावर धोंडा कशाला? आपल्या एका खानदेशी बंधूंनी तर, "तुमची पेन्शन चालू आहे, आमचं कर्ज चालू आहे," असे सांगून दार लावले. त्यांचेही खरे आहे. अर्जावर सह्या तीन झाल्या. एक माझी, एक सौ.ची. तिसरी समोरच्या घरातल्या काठियावाडी बांची. २००६ साली त्या कतारगामला होत्या. त्यांनी काही विचारले नाही, चष्मा शोधला, "क्यां करवानी?" म्हणाल्या आणि मी बोट ठेवले तिथे सही केली.